आडव्या फांदीचं झाड

डिसेंबर लागला की बोरिवलीच्या लिंक रोडवर नर्सरीवाले काळ्या पिशव्यांतली रोपं फुटपाथवर मांडून बसतात. गुडघाभर उंचीची, मधे एक सरळ खोड आणि त्याभोवती मजल्यामजल्याने पसरलेल्या फांद्या. पुढ्यात पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं असतं, ‘ख्रिसमस ट्री’. मी दरवर्षी तिथे थांबते. घेत काहीच नाही. वाकून प्रत्येक रोपाचा शेंडा तेवढा बघते. सरळ आहे ना, शाबूत आहे ना.

“आजी, आल्या का तुम्ही?” नर्सरीवाला आता मला ओळखतो. “यंदा तरी न्या ना एक. मस्त उंच होतं हे.”

“माझ्याकडे आहे.”

“केवढं झालं?”

मी दोन्ही हात आडवे पसरून दाखवते. तो हसतो. त्याला वाटतं, म्हातारी थट्टा करतेय.

हवेत कोरडी थंडी आली, खाडीकडून चिखलाचा आणि सुकत्या मासळीचा वास येऊ लागला, की मला तो ऐंशीच्या दशकातला हिवाळा आठवतो. आठवतो म्हणणंही बरोबर नाही. तो येऊन बसतो. माझा धाकटा भाऊ विनू तेव्हा अंधेरीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता, विषय वनस्पतिशास्त्र. मी एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. बाबांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, ते एका गोदामावर रखवालीला जात आणि घरी आले की फारसं बोलत नसत. विनूला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना हृदयाची एक झडप खराब करून गेला. तेव्हा ते कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा तो मिसरूड फुटलेला, जिना चढताना मधेच थांबून ‘बुटाची नाडी सुटली’ असं सांगणारा मुलगा झाला होता. ऑपरेशनसाठी उन्हाळ्यात बोलावलं होतं. तोवर धावायचं नाही, चढायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

त्याला आडवं झोपता येत नसे. आडवा झाला की छातीत पाणी भरल्यासारखा श्वास कोंडे. मग आई त्याच्या पाठीशी घरातल्या सगळ्या उशा रचून ठेवी आणि तो बसल्या बसल्या झोपे. बाकीच्यांनी उशीशिवाय झोपायची सवय केली.

अभ्यासही तो तसाच बसून करी. बटाट्याच्या दोन फाकांमध्ये पान धरायचं आणि दाढीच्या पात्याने त्याचे पातळ काप काढायचे. मग ते सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसावेत म्हणून लाल रंगात बुडवायचे. बोटांना लागलेला तो रंग दिवसचे दिवस जात नसे. ओठ निळसर, बोटांची टोकं लालभडक, असा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेला मला दिसतो. आई कुरकुर करी, “भाजयेक आणलेले बटाटे, ह्याने अर्धे परीक्षेक घातले.”

गोराईचं ते झाड त्याला सापडलं तेव्हा त्याची तब्येत जरा बरी होती. कॉलेजची मुलं वनस्पती गोळा करायला खाडीपलीकडे गेली होती. होडीतूनच त्याला माडांच्या वर चढलेलं एक टोक दिसलं. सगळे समुद्राकडे गेले आणि हा त्या टोकाचा माग काढत एका कौलारू घराच्या अंगणात शिरला. पुढे कितीतरी वेळा त्याने हा प्रसंग आम्हाला नक्कल करून सांगितला. ओट्यावर बसलेली फिलूबाय, लाल काठाचं लुगडं, कानात जड सोनं. हा झाडाखालचं काहीतरी वेचतोय हे पाहून ती ओरडली,

“ए, काय चोरतोस रं?”

“पानं, बाय.”

“पानं? अख्खं अंगन आंब्या-फनसाचं सोडून ह्या झाडाची पानं? डोकं ठिकानावर हाय ना?”

मग तिनेच त्याला पाणी दिलं, आणि झाड तिच्या नवऱ्याने लावलं म्हणून सांगितलं. नवरा जहाजावर होता. कुठल्याशा बंदरातून डब्यात घालून वीतभर रोप घेऊन आला, दारी लावलं आणि पुढच्या सफरीवरून परतलाच नाही. दर नाताळात फिलूबाय त्या झाडाच्या खालच्या फांद्यांना कागदी चांदण्या टांगायची. वर हात पोचेनासा झाला तशी झाडाच्या पायथ्याशीच एक कंदील लावायची.

नंतर तो मलाही घेऊन गेला. आम्ही होडीने खाडी ओलांडली, पुढे टांगा केला. वाटेत समुद्राकाठी हिरव्या सुया हलवत उभी असलेली उंच झाडं पाहून मी मोठ्या हुशारीने म्हटलं, “हीच ना रे?”

“वाट लागली,” विनू म्हणाला. “अगं ताई, ते सुरू. ह्याला फुलं येतात, बारीकशी. फसवं झाड आहे ते. लायब्ररीत बसून बसून तुझं काय खरं नाही.”

खऱ्या झाडाखाली उभं राहिल्यावर फरक कळला. त्याच्या फांद्या सुईसारख्या नव्हत्या. एकमेकांवर बसलेल्या खवल्यांनी विणलेल्या, जाड नाडीसारख्या. खोडाभोवती फांद्यांचं एक चक्र, मग थोडी मोकळी जागा, मग पुन्हा चक्र. खाली तपकिरी शंकू पडले होते. पायाखाली आले की त्यांचा भुगा होई. झाड दक्षिणेकडे कललेलं होतं, घराच्या बाजूला. “वाऱ्यानं,” फिलूबाय म्हणाली. विनूने समुद्राकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि मान हलवली. वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येत होता आणि झाड त्या वाऱ्याला आडवं झुकलं होतं. पुढे खूप वर्षांनी मी वाचलं की ही जात जिथे असेल तिथून विषुववृत्ताकडे कलते. का ते नक्की कुणाला ठाऊक नाही. घरी आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “दक्षिणेक? ती दिशा बरी न्हय.”

अंधेरीला गिल्बर्ट टेकडी आहे. उभ्या खांबांनी बनलेला काळा कातळ. आता तिच्या अंगाला इमारती टेकल्यात. विनूचं कॉलेज तिथून लांब नव्हतं. वर चढायची बंदी म्हणून तो पायथ्याशी बसे, आणि मी शनिवारी शाळा सुटली की तिथे जाई. तिथेच त्याने मला सांगितलं की हा कातळ लाव्हाचा, आपली मुंबई त्याच लाव्हावर उभी आहे आणि फिलूबायच्या दारातल्या झाडाचं कूळ या दगडापेक्षाही जुनं आहे.

“दगडापेक्षा?”

“दुपटीहून जास्त. तेव्हा आंबा नव्हता, वड नव्हता. फूल ही गोष्टच नव्हती, ताई. फळात बी लपवायची रीत पण नंतरची. ह्यांचं बी उघडं, शंकूच्या खवल्यावर ठेवलेलं. बाकी सगळं वाऱ्यावर.”

तेव्हा आपली जमीन खाली दक्षिणेत होती, इतर खंडांना चिकटलेली. तिच्यावर या झाडांची रानं होती. पूर्वेकडच्या राजमहालच्या टेकड्यांत दगडावर त्यांच्या नातेवाइकांचे ठसे मिळतात. मग जमीन तुटली, उत्तरेकडे सरकू लागली, लाव्हा आला, हवा बदलली आणि इथली सगळी मेली. एकही उरलं नाही. दूरच्या काही बेटांवर आणि दक्षिणेकडच्या डोंगरांत जी राहिली होती ती राहिली. त्यांतलं एक इतक्या काळाने या किनाऱ्यावर परत आलं, एका खलाशाच्या डब्यातून.

विनूला या गोष्टीचा केवढा आनंद होता. “विचार कर ना. ज्या जमिनीवरून नामशेष झालं, तिथेच परत. कुणाला पत्ता नाही. फिलूबाय त्याला चांदण्या लावतेय!”

मला तेव्हाही आनंद झाला नव्हता. मला मधला काळ दिसत होता. जे परत आलं ते मेलेल्यांपैकी नव्हतं, हे मी त्याला म्हटलं नाही. मेलेली दगडातच होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर विनूची तब्येत उतरली. पाय सुजायचे, कॉलेज बंद झालं. फेब्रुवारीतली प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची म्हणून तो घरी काप काढत बसे. अशात फिलूबायचा निरोप आला. आखातात असलेला तिचा मुलगा सुट्टीवर येणार होता, कौलं उतरवून स्लॅबचं घर बांधणार होता. झाड घरावर कललेलं. ते पडण्याआधी पाडायचं ठरलं होतं. फिलूबायची एवढी गोष्ट त्याने ऐकली होती की शेवटचा नाताळ होऊ द्यायचा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला तीन राजांचा सण झाला की करवत लावायची.

त्या संध्याकाळी विनू म्हणाला, “ताई, तू जा. मला त्याचा शेंडा आणून दे.”

“शेंडा म्हणजे?”

“अगदी वरचं टोक. वीत-दीड वीत. ओल्या फडक्यात गुंडाळून आण. मी ते लावणार.”

“एवढं वर कशाला? खालची फांदी आणते की. हात पोचेल तिथली.”

“फांदी नको. शेंडाच.” धाप लागली म्हणून तो थांबला. “शेंड्याला ठाऊक असतं वर कुठे जायचंय ते.”

मग हसून म्हणाला, “मी पाहीन न पाहीन, इथे बोरिवलीत असूदे ना एक. आपण गेल्यावरही उंच होत राहील.” आई आत भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

नाताळच्या आधीच्या रविवारी मी एकटी गोराईला गेले. झाडावर चढायला फिलूबायने काशीनाथला बोलावून ठेवलं होतं. तो माडावर चढून माडी काढायचा. कमरेला कोयता, तळपाय दगडासारखे. त्याने वर बघितलं. “हा काय माड नाय. ह्यो तर जिना हाय.” मी त्याला दोनदा सांगितलं, शेंडा हवा. वरचं टोक. त्याने विचारलं, “शेंडा? कशापायी?”

मी सांगितलं. भाऊ आजारी आहे, त्याला हे झाड लावायचंय, त्याच्यासाठी नेतेय.

काशीनाथ माझ्याकडे बघत राहिला. मग फिलूबायकडे. मग चढला. फांद्यांच्या चक्रांत तो दिसेनासा झाला, नुसता वरून खवल्यांचा चुरा माझ्या डोक्यावर पडत होता. बऱ्याच वेळाने कोयत्याचा एकच आवाज आला. उतरला तेव्हा हातात हिरवीगार, नाजूक अशी एक फांदी होती, कापल्या जागी पांढरट राळ.

“शेंडा ना?” मी विचारलं.

“वरचीच हाय. घे बाय.” आणि हात धोतराला पुसत म्हणाला, “भावाला बोल, लवकर बरा हो. होनार तो. काय नाय होत.”

घरी येऊन मी फडकं सोडलं. विनूने फांदी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. बोटाने तिच्या दोन्ही बाजू चाचपल्या. किती वेळ तो तिच्याकडे बघत होता.

“झकास आणलीस,” तो म्हणाला. मग, “कोणी काढली?”

“काशीनाथने. माडी काढतो तो. तुझी चौकशी करत होता. लवकर बरा होशील म्हणाला.”

“तू त्याला सांगितलंस, मी आजारी आहे ते?”

“हो. का रे?”

“काही नाही.” त्याने फांदी मांडीवर ठेवली. “माणूस चांगला आहे.”

कुंडीत वाळू-माती भरून त्याने ती स्वतःच्या हाताने लावली. तिरकी लावली, जवळजवळ आडवी. आई बघत होती.

“सरळ लाव रे, झिला. वाकडा लावलंस तर वाकडाच वाढतला.”

“असूदे गं. तिला असंच बरं वाटेल.”

तीन राजांचा सण झाला आणि गोराईचं झाड पाडलं. ती बातमी खाडीच्या धक्क्यावर भेटलेल्या टांगेवाल्याने बाबांना सांगितली, बाबांनी आम्हाला. विनूने कुंडीवर पाणी शिंपडलं, रोजच्यासारखं. फांदी हिरवी होती. पण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की ही जात मुळं नसतानाही महिनोन्‌महिने हिरवी राहते, हिरवेपणावर जाऊ नका.

प्रात्यक्षिक परीक्षेला तो बसू शकला नाही. फेब्रुवारी सरता सरता, एका सकाळी, उशांना टेकून बसलेला असतानाच तो गेला. शेजारचे आले. चार जणांनी त्याला उचललं आणि जमिनीवर घोंगडीवर ठेवलं, ठेवतात तसं. त्याची पाठ जमिनीला लागलेली बघताच आई किंचाळली, “आडवा नका रे करू त्याका! उशी द्या! त्याका आडवा झोपवत नाय!” कुणीतरी तिला धरलं. कुणीतरी खरोखरच एक उशी पुढे केली, आणि मग ती कुठे ठेवावी हे न कळून तसंच उभं राहिलं.

फिलूबाय भेटायला आली. तेराव्यानंतर, काळं लुगडं नेसून, होडीने. आईचा हात धरून बराच वेळ बसली. निघताना मला जिन्यात म्हणाली, “काशा लई रडला गो. मला सांगत व्हता, बाय, मी शेंडा नाय तोडला. माडाचा शेंडा तोडला का माड मरतो. कापनारे कापतील, त्यांचं ते बघतील, पर आजारी पोराच्या नावानं शेंडा मी नाय उतरवनार. बाजूची फांदी दिली त्यानं. चांगली बघून दिली.”

मी मान हलवली. तेव्हा मला त्यातलं गांभीर्य समजलं नव्हतं.

समजलं ते उन्हाळ्यात. विनूची पुस्तकं कॉलेजात परत द्यायला गेले, तेव्हा त्याच्या सरांना सहज विचारलं की गोराईच्या त्या झाडाची बाजूची फांदी लावली तर काय होतं. सर म्हणाले, “जगते. चांगली जगते. पण झाड होत नाही. अरौकेरियाची आडवी फांदी लावली की ती आयुष्यभर आडवीच वाढते. आपण फांदी आहोत हे ती विसरत नाही. फक्त शेंडाच उभा राहतो.” आणि शेंडा चहूबाजूंनी सारखा असतो, फांदी दोन्ही अंगांना पसरट असते, पाहताक्षणी ओळखू येते, असंही म्हणाले. “तुमच्या विनायकला विचारलं असतंत तर त्यानेच—” इथे ते थांबले.

पाहताक्षणी. म्हणजे मी फडकं सोडलं तेव्हाच त्याला कळलं होतं. झाड अजून उभं होतं. सणाला अवकाश होता. ‘ही नव्हे, पुन्हा जा’ एवढं म्हणाला असता तर मी गेले असते. तो का म्हणाला नाही, याचा विचार मी इतकी वर्षं करते आहे. माझे दमलेले पाय त्याने पाहिले असतील. कदाचित एवढंच असेल. पण मला दुसरंही वाटतं. कुणा अनोळखी माणसाने त्याच्या आयुष्याला धक्का लागू नये म्हणून ती फांदी दिली होती. ती चुकीची आहे असं म्हणून परत पाठवणं त्याला जमलं नसावं. माडासाठी काशीनाथचं म्हणणं खरंच होतं. या झाडाचा मात्र शेंडा तोडला तर खोडातून दुसरा फुटतो. हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि विनूने ते त्याला कळवलं नाही. ज्या शेंड्याला जपलं, तो महिन्याच्या आत करवतीखाली आला.

फांदीने मूळ धरलं. त्या पावसाळ्यात तिच्या टोकाला पोपटी फूट आली. आईने माझ्या हाताला धरून मला कुंडीपाशी नेलं. विनू गेल्यानंतर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “आता सरळ करूया हेका,” ती म्हणाली. बांबूची काठी आणली, जुन्या साडीच्या चिंध्या फाडल्या आणि फांदी उभी करून बांधली. मी सरांचं बोलणं तिला सांगितलं नाही. काय सांगणार होते? ज्या घरात एक मूल आडवं होऊ शकत नव्हतं म्हणून रडलो, त्याच घरात हे उभं राहणार नाही, असं?

त्यानंतर आई पंचवीसेक वर्षं जगली. काठ्या बदलल्या, चिंध्या बदलल्या. बाबा गेले, चाळ जाऊन इमारत झाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो, कुंडी आली. फांदी जेवढी बांधलेली तेवढी उभी असे. बांधणीच्या वर जे नवं वाढे, ते पुन्हा आडवं निघे. आई पुन्हा बांधी. “जरा हट्टी आसा,” म्हणे. “पण जाताला सरळ.” शेवटच्या आजारपणात तिने मला दोनच गोष्टी बजावल्या, गॅस बंद करून झोपायचं आणि काठी सोडायची नाही.

मी बरेच महिने सोडली नाही. मग पुढच्या डिसेंबरात, उन्हं गॅलरीत आलेली असताना, खुर्ची घेऊन कुंडीपाशी बसले. चिंध्यांच्या गाठी आईच्या होत्या, कात्री लावावीशी वाटली नाही. एकेक नखाने सोडवली. जुनं लाकूड तेवढं ताठ राहिलं. अलीकडच्या वर्षांत बांधलेला वरचा सगळा भाग मात्र सावकाश कलू लागला, गॅलरीच्या कठड्याकडे, बाहेरच्या बाजूला. तो मोडेल या भीतीने मी दोन्ही हात त्याच्याखाली धरले होते.

हातांवर काहीच भार आला नाही. कठड्याच्या थोडी वर येऊन फांदी थांबली, आणि तशीच आडवी, कशाचाही टेकू न घेता राहिली.